कोर्टाची पायरी



गेल्या महिन्यात एका शनिवारी, शब्बाथ सरल्यानंतर, आपल्यापैकीच एक तरुण गृहस्थ आमच्या घरी आले. बाहेर उणे वीस तापमान होते. दारात बुटांवरील बर्फ झाडता झाडताच त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक लिफाफा काढला आणि माझ्या हाती ठेवला. चहा पुढे आला तरी त्यांचे लक्ष त्या लिफाफ्याकडेच होते.

"बाई, तुमचं इंग्रजी चांगलं. एवढा एक अर्ज लिहून द्या. मला कोर्टाच्या भानगडीत पडायचं नाही."

लिफाफ्यात ज्यूरीचे समन्स होते. त्यांनी कोणताही अपराध केलेला नव्हता की त्यांच्यावर कोणी फिर्याद केलेली नव्हती. कॅनडाचे नागरिकत्व मिळून त्यांना पुरते वर्षही झाले नव्हते. मॅनिटोबा प्रांताच्या आरोग्य-विम्याच्या यादीतून चिठ्ठी निघावी तसे त्यांचे नाव निघाले होते, इतकेच. परंतु न्यायालयाचा शिक्का पाहून त्यांच्या मातोश्री दोन दिवस धड जेवल्या नव्हत्या.

अर्ज लिहून देणे हे आम्हा शिक्षकांचे जुनेच काम आहे. ठाण्याच्या शाळेत असताना मी शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी रेशनकार्डापासून पेन्शनपर्यंत किती अर्ज लिहिले असतील, याची गणती नाही. आणि ज्यूरीतून सूट मागणारा अर्ज तर मला तोंडपाठच आहे. तो कसा पाठ झाला, हे पुढे सांगेन. त्या रात्री मात्र मी लेखणी उचलली नाही, आणि त्याला कारण झाला तो मी शरद ऋतूत केलेला एक अभ्यासक्रम. या वेळचे सदर त्याच्याविषयीच आहे.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे वाक्य ऐकतच आपण सारे लहानाचे मोठे झालो. आपल्या पूर्वजांना त्याची गरजही फारशी पडत नसे. कुलाबा जिल्ह्यातील आपल्या गावांतून मुकादम आणि चौगुला असत. भांडण, कर्जाचा वाद, सोडलेली बायको, बांधावरची कुरबूर, जे काही असेल ते त्यांच्यापुढे जाई आणि मशिदीच्या (आपली म्हातारी माणसे सिनेगॉगला मशीदच म्हणत) अंगणात मिटे. ज्यांनी हट्टाने दिवाणी दावे लावले, त्यांच्या नातवांना तारखांशिवाय दुसरी इस्टेट मिळाली नाही, असे माझे आजोबा सांगत.

राहता राहिली ज्यूरी. इस्राएलमध्ये ती नाही. ब्रिटिश अमदानीतही तेथे ती आली नव्हती. तेथे वाढलेल्या आपल्या मुलांना ती फक्त अमेरिकन चित्रपटांतून ठाऊक. भारतात ती होती. १९५९ साली कमांडर नानावटींच्या खटल्यात मुंबईच्या सत्र न्यायालयातील ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवले, न्यायाधीश मेहतांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडले आणि तेथे जन्मठेप झाली, ही हकीकत आमच्या वडिलांच्या पिढीने जिभेच्या टोकावर ठेवली होती. पुष्कळांची समजूत अशी की ज्यूरी त्याच दिवशी संपली. तसे नाही. ती प्रांताप्रांतातून हळूहळू गेली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिला कायमचा निरोप दिला. परंतु त्या खटल्यापासून 'ज्यूरी म्हणजे भुलणारी माणसे' हा ग्रह आपल्याकडे रुजला तो रुजलाच.

आता अभ्यासक्रमाकडे वळते.

विनिपेगच्या मध्यवस्तीत पोर्टेज रस्त्यावर विनिपेग विद्यापीठ आहे. तेथे फौजदारी न्यायव्यवस्थेचा स्वतंत्र विभाग आहे आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी त्या विषयाची ओळख करून देणारा वर्ग असतो. मी येथील एका शाळेत साहाय्यक शिक्षिका म्हणून काम करते. आमच्या वर्गातील एका मुलाचे वडील खटल्याची वाट पाहत तुरुंगात होते. एक दिवस त्याने मला विचारले, "बाबांना शिक्षा झालेली नाही, तर ते घरी का नाहीत?" तीस वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात घालवली, त्या दिवशी मात्र मला उत्तर देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधात मी सप्टेंबरात संध्याकाळच्या वर्गाला नाव घातले. भोवती अठरा-एकोणीस वर्षांची मुले. कोणाला पोलिसांत जायचे, कोणाला सरहद्दीवरील जकात खात्यात, कोणाला प्रोबेशन अधिकारी व्हायचे. पहिल्या दिवशी दोघी मुली मलाच प्राध्यापिका समजून उभ्या राहिल्या, हे कबूल करायला हरकत नाही, बरे वाटले.

पहिल्या तासाला फळ्यावर नरसाळ्याचे चित्र निघाले. वरच्या रुंद तोंडात समाजात घडणारे सारे गुन्हे. त्यांतील काहींचीच पोलिसांत वर्दी जाते; वर्दी गेलेल्यांपैकी काहींतच आरोपी सापडतो; सापडलेल्यांपैकी काहींवरच खटला उभा राहतो; आणि शेवटी अगदी बारीक धार तुरुंगाच्या दारात पडते. आपण शनवार तेल्यांची लेकरे. नरसाळे आपल्याला कोणी शिकवायला नको. तेल ओतताना नरसाळ्याच्या कडेला किती चिकटून राहते आणि किती बाहेर सांडते, हे आपल्या आज्यांना हाताने माहीत होते. माझ्या मनात आले, की या नरसाळ्यातून कोण खाली उतरते आणि कोण कडेलाच राहते, हे कोण ठरवते? पुढचे तीन महिने जे शिकवले गेले, ते या एका प्रश्नाभोवतीच फिरत होते, असे आता मागे वळून पाहता वाटते.

दुसऱ्या आठवड्यात हर्बर्ट पॅकर या अमेरिकन विद्वानाने १९६० च्या दशकात मांडलेल्या दोन कल्पना आल्या. एका कल्पनेप्रमाणे न्यायव्यवस्था कारखान्यातील सरकत्या पट्ट्यासारखी: आरोपी एका टोकाला चढवावा, दुसऱ्या टोकाला निकाल बाहेर पडावा, वेळ दवडू नये. दुसरीप्रमाणे ती अडथळ्यांची शर्यत: सरकारने माणसाला दोषी म्हणण्यापूर्वी पायरीपायरीला अडखळावे, पुन्हा पुरावा द्यावा. वर्गातील बहुतेक मुलांनी पहिल्या बाजूने हात वर केले. मीही तरुणपणी तोच केला असता. ठाण्यात नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वर्गातील सहलीचे पैसे नाहीसे झाले. एका मुलीने एका मुलाकडे बोट दाखवले, त्याचा चेहरा उतरला, आणि मी तो पुरावा मानून त्याला आठवडाभर वर्गाबाहेर उभे केले. पैसे पुढे कपाटामागे सापडले. त्या मुलाने मला कधी उलट शब्द ऐकवला नाही. पण त्यानंतर त्याने प्रश्नाला उत्तर द्यायला हातही वर केला नाही. प्रशिक्षण महाविद्यालयात आम्हांला बालमानसशास्त्राचे शंभर गुणांचे पुस्तक होते; त्यात हे नव्हते.

म्हणून टॉमस सोफोनो याची हकीकत वर्गात निघाली तेव्हा मी टिपणे घेण्याचे विसरले. २३ डिसेंबर १९८१ रोजी विनिपेगच्या सेंट बोनिफेस भागातील डोनटच्या दुकानात काम करणाऱ्या बार्बरा स्टॉपेल या सोळा वर्षांच्या मुलीचा खून झाला. सोफोनोवर त्यासाठी एकदा नव्हे, तीनदा खटला चालला. पहिल्यांदा ज्यूरीचे एकमत झाले नाही. पुढच्या दोन्ही वेळा तो दोषी ठरला आणि दोन्ही वेळा अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. १९८५ च्या शेवटी तो सुटला, तोपर्यंत जवळजवळ चार वर्षे तुरुंगात गेली होती. त्याने हा खून केलेला नाही, असे पोलिसांनी जाहीर केले ते २००० साली. नंतर माजी न्यायमूर्ती पीटर कोरी यांनी चौकशी केली. त्यांच्या २००१ च्या अहवालात चूक कोठे झाली ते तपशीलवार दिले आहे. साक्षीदारांपुढे छायाचित्रे ठेवण्याची रीतच सदोष होती, आणि तुरुंगात 'त्याने माझ्यापाशी कबुली दिली' असे सांगत पुढे येणाऱ्या कैद्यांवर भरवसा ठेवला गेला होता. छायाचित्रे एकामागून एक दाखवावीत, दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला संशयित कोण हे ठाऊकच नसावे, साक्षीदाराशी झालेले सारे बोलणे ध्वनिमुद्रित व्हावे, अशा त्यांच्या शिफारसी आहेत. दोन साक्षीदारांवाचून कोणाला दोषी धरू नये आणि साक्षीदारांची कसून तपासणी करावी, हे आपल्या तोरात आहे, ते आपण लहानपणी घोकले. साक्षीदार खरे बोलत असूनही चुकू शकतो, हे मी पन्नाशीत शिकले.

येथे कोणी म्हणेल, मग ज्यूरीची महती ती काय राहिली? बारा-बारा माणसे दोनदा चुकली ना! प्रश्न योग्य आहे आणि मी तो वर्गात विचारलाही. उत्तर मिळाले ते असे, की ज्यूरीपुढे जे वाढले जाते तेच ती जेवते. मला ते उत्तर पुरेसे वाटले नाही. आजही वाटत नाही. अपील न्यायालये नसती तर तो मनुष्य आतच राहिला असता.

ऑक्टोबरात स्वाध्याय मिळाला: यॉर्क रस्त्यावरील न्यायालयाच्या इमारतीत अर्धा दिवस बसून जे दिसेल त्यावर तीन पाने लिहावीत. न्यायालय सर्वांना खुले असते, दाराशी तपासणी झाली की कोणीही आत जाऊन मागच्या बाकावर बसू शकते, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. या शहरात माझी कित्येक वर्षे गेली. ग्रंथालये, दवाखाने, शाळा, दुकाने सारे पायाखालचे. ही एक इमारत मात्र मी रस्ता ओलांडून टाळीत असे.

मी जामिनाच्या कोर्टात बसले. ज्यूरी, दीर्घ भाषणे, टाळ्या मिळवणारी उलटतपासणी, काहीही नव्हते. नाव पुकारले जाई, पडद्यावर तुरुंगातील खोलीत बसलेला मनुष्य दिसे, सरकारी वकील चार वाक्ये बोलत, बचावाचा वकील चार, आणि काही मिनिटांत पुढचे नाव. हा पॅकरसाहेबांचा सरकता पट्टा. आमच्या वर्गातील त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. येथील प्रांतिक तुरुंगांत कित्येक वर्षे शिक्षा झालेल्यांपेक्षा खटल्याची वाट पाहणारेच अधिक असतात. आपल्या मराठीत त्यांना 'कच्चे कैदी' हा किती नेमका शब्द आहे! भारतातही तुरुंगांतील सुमारे तीन-चतुर्थांश माणसे कच्चे कैदीच आहेत. शिक्षा झालेली नाही, आणि बाबा घरी नाहीत.

दुसरे जे दिसले ते लिहिताना हात अडखळतो. पडद्यावर येणारे चेहरे एकामागून एक या भूमीच्या मूळ रहिवाशांचे होते. क्री, ओजिब्वे, मेटी. न्यायाधीश, वकील, लेखनिक यांच्यात तसा चेहरा मला त्या दिवशी दिसला नाही. मागच्या बाकावर एक आजी बसली होती. तिचे नातवंड पडद्यावर आले, तेव्हा तिने हात हलवला. पडद्यापलीकडून ते दिसते की नाही, कोण जाणे.

या विषमतेची नोंद मॅनिटोबानेच करून ठेवली आहे आणि ती प्रामाणिकपणे केली आहे, हे येथे सांगणे अवश्य आहे. दोन घटना तिला कारण झाल्या. ९ मार्च १९८८ च्या पहाटे विनिपेगच्या लोगन रस्त्यावर जे. जे. हार्पर हे आयलँड लेक ट्रायबल कौन्सिलचे कार्यकारी संचालक घरी चालले होते. पोलीस मोटारचोराच्या शोधात होते. खरा संशयित आधीच पकडला गेला होता, तरी एका शिपायाने हार्परना अडवले, झटापट झाली आणि गोळी सुटून ते मृत्यू पावले.

दुसरी घटना हेलन बेटी ऑसबर्न हिची. ती नॉर्वे हाउसची क्री मुलगी. शिक्षिका व्हायचे म्हणून घरापासून दूर, विनिपेगच्या वायव्येस सुमारे ६०० किलोमीटरवरील द पॉ या गावी माध्यमिक शिक्षण घेत होती. १३ नोव्हेंबर १९७१ च्या पहाटे रस्त्याने चाललेल्या या एकोणीस वर्षांच्या मुलीला चार गोऱ्या तरुणांनी मोटारीत ओढून नेले आणि तिची हत्या झाली. कोणी केले, याची कुजबुज गावात पुष्कळ होती. पुढे येऊन सांगणारे नव्हते. खटला उभा राहायला सोळा वर्षे लागली. १९८७ च्या अखेरीस द पॉ येथे तो चालला. चौघांपैकी एकाला शिक्षा झाली. एक निर्दोष सुटला, एकाला साक्षीच्या बदल्यात अभय मिळाले आणि एकावर आरोपच ठेवला गेला नाही.

आणि ज्यूरी? द पॉच्या शेजारीच, नदीपलीकडे, क्री लोकांची मोठी वस्ती आहे. ज्यूरीसाठी बोलावलेल्यांत मूळ रहिवासी होते. त्या काळी दोन्ही बाजूंच्या वकिलांना ठरावीक संख्येने नावे कारण न देता नाकारण्याचा हक्क असे. मूळ रहिवाशांपैकी ज्याचे ज्याचे नाव पुकारले गेले, त्याला बचावाच्या वकिलांनी तो हक्क वापरून परत पाठवले. क्री मुलीच्या खुनाचा निवाडा करायला बसलेल्या बारा जणांत एकही मूळ रहिवासी नव्हता.

हे वाचताना मला १९०८ सालची मुंबई आठवली. केसरीतील लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला न्या. दावर यांच्यापुढे चालला, त्यात नऊ जणांची खास ज्यूरी होती. सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठीत, आणि निवाडा करणारे इंग्रजी भाषांतरावर विसंबलेले. मराठी जाणणारी ज्यूरी हवी, असा टिळकांच्या बाजूचा आग्रह होता. तो चालला नाही. कौल ७ विरुद्ध २ असा पडला आणि टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. आपल्याला ते सातही जण दुष्ट होते असे वाटत नसेल. पण मराठी वाक्याचा रोख त्यांना कळला असेल काय? (पुढे १९१६ साली टिळकांवर पुन्हा बालंट आले, तेव्हा बॅ. जीनांच्या बरोबरीने बचावास उभे राहिलेल्यांत आपले दावीद एरुळकर होते. कोर्टाची पायरी न चढण्याचा नियम त्यांनी पाळला नाही, हे बरेच झाले.)

हार्पर आणि ऑसबर्न यांच्या मृत्यूंनंतर १९८८ साली प्रांताने चौकशी नेमली. न्यायमूर्ती ए. सी. हॅमिल्टन आणि न्यायाधीश मरे सिंक्लेअर हे तिचे प्रमुख. सिंक्लेअर हे मॅनिटोबातील मूळ रहिवाशांपैकी पहिले न्यायाधीश. देशाच्या सत्य व सलोखा आयोगाचेही ते पुढे अध्यक्ष झाले, सिनेटर झाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये निवर्तले. १९९१ साली आलेला त्यांचा अहवाल आम्हांला वाचायला होता. त्या वेळी प्रांताच्या लोकसंख्येत मूळ रहिवासी सुमारे १२ टक्के, आणि तुरुंगांत निदान ५० टक्के. नरसाळे सर्वांसाठी सारखे नाही, हे याहून स्पष्ट कोणत्या आकड्यांनी सांगावे?

त्या अहवालातील एक बारीक गोष्ट मला विशेष भावली. क्री आणि ओजिब्वे भाषांत 'गिल्टी' याला सरळ प्रतिशब्द नाही. दुभाषी प्रश्न विचारतो, तेव्हा त्याचा अर्थ 'तुझ्यावर ठपका ठेवला आहे ना?' असा काहीसा होऊन जातो. आणि ठपका तर ठेवलेलाच असतो, म्हणून सरळ मनाचा मनुष्य 'हो' म्हणतो. लोदच्या किंवा अश्दोदच्या कचेरीत हिब्रू न समजता 'केन, केन' म्हणत सह्या करणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना या प्रसंगाची कल्पना यायला वेळ लागू नये. त्या लोकांच्या जुन्या रीतीत शिक्षेपेक्षा तंटा मिटवून माणसांना पुन्हा एकत्र नांदवण्यावर भर असे, असेही अहवालात आहे. मुकादम आणि चौगुला दुसरे काय करीत होते?

कारण न देता ज्यूरीतील नावे नाकारण्याचा तो हक्क रद्द करा, अशी शिफारस त्या दोघांनी १९९१ सालीच केली होती. शेजारच्या सस्कॅचवान प्रांतात कोल्टन बूशी या क्री तरुणाच्या मृत्यूच्या खटल्यात २०१८ साली पुन्हा तोच प्रकार दिसला, मोठा क्षोभ झाला, आणि अखेर सप्टेंबर २०१९ पासून कायद्याने तो हक्क गेला. शिफारस आणि कायदा यांच्यामध्ये अठ्ठावीस वर्षे.

हा धडा झाला त्या संध्याकाळी मी बस चुकवली आणि थोडी पायी चालले. विद्यापीठाच्या एलिस रस्त्यावरील एका इमारतीला हेलन बेटी ऑसबर्नचे नाव दिलेले आहे. जिला शिक्षिका व्हायचे होते, तिचे नाव शिकण्याच्या जागेला मिळाले. त्या इमारतीसमोर मला माझा अर्ज आठवला.

तो असा. नागरिकत्व मिळाल्यानंतर तिसऱ्या वर्षी मलाही असेच समन्स आले होते. मी घाबरले. 'इंग्रजी ही माझी मातृभाषा नसल्याने न्यायालयातील कामकाज समजण्याइतके माझे ज्ञान नाही', असा अर्ज मी लिहिला. आणि तो इतक्या निर्दोष इंग्रजीत लिहिला, की वाचणाऱ्याला हसू आले असेल. मी ठाण्यात अकरा वर्षे इंग्रजीच शिकवीत होते. सूट मिळाली. आनंद असा झाला की मलिदा करायचाच काय तो बाकी राहिला होता. नंतर आपल्यातल्या दोन-तीन कुटुंबांना मी तोच मसुदा उतरवून दिला, म्हणून तो पाठ.

द पॉच्या खटल्यात काही माणसे बोलावल्याप्रमाणे आली होती, बसायला तयार होती, त्यांना परत धाडले गेले. मला कोणी धाडले नव्हते. मी खोटे लिहून स्वतःच गेले. ज्या बाकावर आपल्यासारखे दिसणारे, आपल्यासारखे बोलणारे कोणी नाही म्हणून आपण तक्रार करतो, त्यातली एक जागा मी हाताने रिकामी केली होती. उद्या आपल्याच कोणा मुलाला त्या पडद्यापलीकडे बसायची वेळ आली आणि त्याच्या आईची साक्ष मराठी-हिब्रू मिश्रित इंग्रजीत झाली, तर तिचा रोख कोणाला कळणार होता?

असो. हे सारे मी त्या तरुण गृहस्थांना चहा निवेपर्यंत सांगितले. ते ऐकत होते. पण त्यांची अडचण खोटी नव्हती. ते गोदामात तासावारी पगारावर, पत्नी वृद्धाश्रमात रात्रपाळीला, दोन मुले शाळेत. मालकाला रजा द्यावी लागते, पगार देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. गरिबाला न्यायदानाचा हा खर्च सरकारने पुरता भरून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तो भरून मिळत नाही तोवर त्या बारा जणांत पगारी रजा असलेलेच अधिक दिसणार.

म्हणून आम्ही वहीचे पान काढून हिशेब केला. बोलावलेल्यांपैकी बहुतेकांना निवडीच्या दिवशीच घरी पाठवतात. तेवढी एका दिवसाची मजुरी बुडेल. निवड होऊन खटला लांबणार असेल, तर न्यायाधीशांसमोर उभे राहून खरी अडचण सांगावी, ती ते ऐकतात. मुलांना दुपारी शाळेतून मी आणीन, नाहीतरी मी त्याच रस्त्याने येते. आत काय चर्चा झाली हे बाहेर कोणालाही, अगदी आईलाही, सांगायचे नाही. सांगितल्यास तो गुन्हा होतो. यावर ते प्रथमच हसले. म्हणाले, "बाई, आईला न सांगणं हे सगळ्यांत अवघड."

लिफाफा त्यांनी पुन्हा आतल्या खिशात ठेवला. जाण्याचे वचन मी घेतले नाही, त्यांनीही दिले नाही. दारात बूट चढवताना मात्र त्यांनी विचारले,

"कोट घालावा लागेल का, बाई?"

"स्वच्छ शर्ट पुरे," मी म्हटले. "आणि बसनेच जा रे बाबा. तिथे गाडी लावायला फार पैसे पडतात."